सबवूफरवरचा छोटा आकडा आणि ओहम नावाचा शिक्षक

गाडीत संगीतव्यवस्था बसवून देणाऱ्या कोणत्याही दुकानात घटकाभर उभे राहिले, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न वॉटचा असतो. सबवूफर किती वॉटचा, अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा आणि त्यांच्या किमतीत फरक किती, यावरच सारी घासाघीस चालते. सबवूफरच्या पाठीमागे चुंबकावर चिकटवलेल्या पट्टीवर आणखी एक छोटा आकडा छापलेला असतो. कधी ४, कधी २. त्याच्यापुढे घोड्याच्या नालासारखे दिसणारे ग्रीक अक्षर असते. या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. प्रत्यक्षात मात्र अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर यांची जोडी जमणार की पहिल्याच लांबच्या प्रवासात अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडणार, हे बऱ्याच अंशी तोच आकडा ठरवतो.

ते चिन्ह ओहम या एककाचे आहे. दहावीच्या विज्ञानात ओहमचा नियम पाठ केलेल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असते. हा नियम कोणा मोठ्या विद्यापीठातल्या नामवंत प्राध्यापकाने नव्हे, तर शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकाने शोधला, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते. त्या शोधासाठी त्याने हातची सुरक्षित नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षे हलाखीत काढली. विद्यापीठातले पूर्ण प्राध्यापकपद त्याच्या हाती आले, तेव्हा आयुष्याची जेमतेम दोन वर्षे शिल्लक होती.

कुलुपे घडवणाऱ्याचा मुलगा

गेऑर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगेन या आज जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात असलेल्या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलुपे तयार करणारे कारागीर, तर आई मारिया एलिझाबेथ ही एका शिंप्याची मुलगी. या दांपत्याला सात अपत्ये झाली, पण जगली तिघेच : गेऑर्ग, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आईचे निधन झाले.

वडिलांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. पण या गृहस्थाने कानस आणि हातोडा चालवता चालवता स्वतःच्या बळावर गणिताचा अभ्यास केला होता. मुलांना त्यांनी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान घरीच शिकवले. त्या मानाने गेऑर्गला गावातल्या शाळेत मिळालेले शिक्षण निव्वळ पाठांतराचे होते. तो पंधरा वर्षांचा असताना एर्लांगेन विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक कार्ल क्रिस्टियान फॉन लांग्सडॉर्फ यांनी त्याची परीक्षा घेतली. दोन्ही भावांची तयारी पाहून त्यांना स्वित्झर्लंडमधल्या बर्नुली या प्रख्यात गणिती घराण्याची आठवण झाली.

१८०५ मध्ये गेऑर्ग विद्यापीठात दाखल झाला आणि तिथे त्याचे पाऊल घसरले. नाच, बर्फावरचे स्केटिंग आणि बिलियर्ड्स यांत त्याचा बहुतेक वेळ जाऊ लागला. स्वतःला न मिळालेली संधी मुलगा वाया घालवतो आहे, हे पाहून वडील संतापले. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबले आणि १८०६ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी गेऑर्गची रवानगी स्वित्झर्लंडला, निडाऊजवळच्या गॉटस्टाट इथल्या एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून झाली.

ही शिक्षा पुढे पथ्यावरच पडली. लांग्सडॉर्फ १८०९ मध्ये हायडेलबर्गला गेले, तेव्हा त्यांच्यामागे जाऊन शिकण्याची इच्छा ओहम यांनी कळवली. प्राध्यापकांनी त्यांना उलट सल्ला दिला : वर्गात बसण्याऐवजी ऑयलर, लाप्लास आणि लाक्रुआ यांचे ग्रंथ स्वतः वाचून काढावेत. ओहम यांनी तो तंतोतंत पाळला. खासगी शिकवण्या करत त्यांनी हे अवघड ग्रंथ पचवले. १८११ मध्ये ते एर्लांगेनला परतले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्यानंतर काही काळ त्यांनी त्याच विद्यापीठात गणित शिकवले. पण या कनिष्ठ पदावर पोट भरणे कठीण होते आणि बढतीचीही चिन्हे नव्हती. तीन सत्रांनंतर त्यांनी ते पद सोडले. १८१३ मध्ये बव्हेरिया सरकारने त्यांना बाम्बेर्ग इथल्या एका सामान्य शाळेत नोकरी दिली. तिथे ओहम यांचे मन रमले नाही. रिकाम्या वेळेत त्यांनी भूमितीचे पुस्तक लिहायला घेतले. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली आणि त्यांना गावातल्याच दुसऱ्या, विद्यार्थ्यांनी खच्चून भरलेल्या शाळेत पाठवण्यात आले. भूमितीचे पुस्तक तयार होताच त्यांनी ते प्रशियाच्या राजाकडे पाठवले. १८१७ च्या सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या ताब्यातल्या कलोन शहरातील जुन्या जेझुइट शाळेत त्यांची नेमणूक झाली. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांना प्रथमच हवी तशी जागा मिळाली होती, कारण या शाळेत भौतिकशास्त्राची सुसज्ज प्रयोगशाळा होती.

तारांची लांबी आणि एक चूक

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ऑर्स्टेड यांनी विजेच्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची हलते, हे दाखवून दिले आणि युरोपभरच्या प्रयोगशाळांत खळबळ उडाली. वीजप्रवाह किती आहे, हे मोजण्याचे साधन आता उपलब्ध झाले होते. ओहम यांनीही प्रयोगांना सुरुवात केली. त्यामागे निव्वळ कुतूहल नव्हते. शाळेच्या वर्गातून बाहेर पडून विद्यापीठात जायचे, तर नावावर संशोधन हवे, याची त्यांना जाणीव होती.

त्यांचा प्रश्न वरवर अगदी साधा होता. विजेच्या उगमाला जोडलेली तार लांब केली, तर प्रवाह किती कमी होतो? १८२५ मध्ये त्यांनी आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यात लॉगॅरिथमवर आधारलेले एक सूत्र होते आणि ते चुकीचे होते. दोष त्या काळच्या बॅटरीचा होता. रसायनांवर चालणाऱ्या त्या बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच बदलत असे. त्यामुळे प्रवाह घटला, तर तो तारेमुळे की बॅटरी थकल्यामुळे, हे कळायला मार्ग नव्हता.

जर्मनीतल्या प्रमुख भौतिकशास्त्र नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी ओहम यांना रासायनिक बॅटरीऐवजी थर्मोकपल वापरून पाहण्याचा सल्ला दिला. दोन वेगळ्या धातूंचे दोन सांधे जोडून एक गरम आणि एक थंड ठेवला, की मंडलात वीज वाहू लागते, हे थोमास योहान सेबेक यांनी त्याच्या काही वर्षे आधी शोधले होते. ओहम यांनी तांबे आणि बिस्मथ यांचे सांधे केले. एक उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाण्याच्या उकळण्याचे आणि बर्फाच्या वितळण्याचे तापमान स्थिर असते, म्हणून विजेचा जोरही स्थिर राहिला. वर बारीक धाग्याला टांगलेली चुंबकसूची होती. प्रवाहामुळे सूची हलली, की धाग्याला पीळ देऊन ती पुन्हा जागेवर आणायची आणि किती पीळ द्यावा लागला, हे नोंदवायचे. तो पीळ म्हणजेच प्रवाहाचे माप. धातुकामाचे घरचे संस्कार इथे उपयोगी पडले. असली नाजूक उपकरणे जुळवणे त्यांना अवघड नव्हते.

१८२६ च्या सुरुवातीला ओहम यांनी सारख्याच जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकापाठोपाठ एक जोडून मोजमापे घेतली. आकडे एका साध्या भागाकारात चपखल बसले. अंशस्थानी उगमाचा जोर आणि छेदस्थानी दोन राशींची बेरीज. त्यातली एक राशी तारेच्या लांबीबरोबर बदलणारी होती आणि दुसरी स्थिर होती. ही स्थिर राशी म्हणजे मंडलाच्या उरलेल्या भागाचा, खुद्द उगमाचाही, विद्युतरोध. उगम स्वतःही वाटेत आडवा येतो, हे ओहम यांनी आपल्या हिशेबात धरले. म्हणूनच त्यांचे सूत्र जुळले.

हाच नियम हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाच्याही हाती १७८१ च्या सुमारास लागला होता. पण त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही. त्यांच्या वह्या मॅक्सवेल यांनी संपादित करून १८७९ मध्ये छापल्या, तोपर्यंत श्रेयाचा प्रश्न निकाली निघाला होता.

दोन सबवूफर, एक अ‍ॅम्प्लिफायर

आठ तारांच्या या प्रयोगाचा गाडीच्या डिकीतल्या खोक्याशी काय संबंध? अगदी थेट. सबवूफरच्या शंकूमागे तारेचे एक वेटोळे असते. त्याला व्हॉइस कॉइल म्हणतात. हे वेटोळे म्हणजे ओहम यांची तार आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे त्यांचा उगम. समजा, अ‍ॅम्प्लिफायर आपल्या टोकांवर २० व्होल्ट देऊ शकतो. त्याला ४ ओहमचा सबवूफर जोडला, तर प्रवाह ५ अ‍ॅम्पिअर आणि शक्ती १०० वॉट. २ ओहमचा जोडला, तर प्रवाह १० अ‍ॅम्पिअर आणि शक्ती २०० वॉट. १ ओहमवर तोच हिशेब २० अ‍ॅम्पिअर आणि ४०० वॉटवर जातो. रोध निम्मा केला, की प्रवाह दुप्पट होतो. कागदावर हे मोठे आकर्षक दिसते. पण तो वाढीव प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरमधल्या ट्रान्झिस्टरांना पेलायचा असतो. ज्याची रचना २ ओहमपर्यंतच्या भारासाठी केली आहे, त्याला १ ओहम जोडले, तर तो तापतो. संरक्षक मंडल जागे झाले तर आवाज बंद पडतो, नाही तर आतले भाग जळतात.

मेख अशी, की सबवूफर तोच असला तरी जोडणीनुसार भार बदलतो. बाजारातल्या अनेक सबवूफरमध्ये प्रत्येकी ४ ओहमची दोन वेटोळी असतात. अशा दोन सबवूफरची चारही वेटोळी समांतर जोडली, तर एकूण भार १ ओहम होतो. प्रत्येक सबवूफरची दोन वेटोळी एकसर जोडून मग दोन सबवूफर समांतर जोडले, तर ४ ओहम. चारही एकापुढे एक एकसर जोडली, तर १६ ओहम. सामान तेच, वायरही तीच, पण अ‍ॅम्प्लिफायरवर पडणारे ओझे सोळापट बदलते. शाळेत एकसर आणि समांतर जोडणीची उदाहरणे सोडवताना ज्यांना कंटाळा आला असेल, त्यांना हा हिशेब इथे पुन्हा भेटतो.

दोन वाहिन्यांचा अ‍ॅम्प्लिफायर एकत्र करून, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ब्रिज करून, एकाच सबवूफरला जोडला, तर प्रत्येक वाहिनीला निम्माच रोध दिसतो. म्हणून प्रत्येक वाहिनीसाठी २ ओहमची मर्यादा असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ब्रिज करून ४ ओहमपेक्षा कमी भार जोडता येत नाही. याच्या उलट चूकही होते. भार जास्त ओहमचा असला, तर अ‍ॅम्प्लिफायर सुरक्षित राहतो, पण त्याची पूर्ण शक्ती बाहेर पडत नाही. मग आवाज वाढवण्यासाठी गेनचे बटण शेवटपर्यंत फिरवले जाते, ध्वनिलहरींची शिखरे सपाट कापली जातात आणि तो विद्रूप आवाज वेटोळे तापवू लागतो. कमी वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरनेही सबवूफर जळतो, तो अनेकदा असा.

आणि मग ती स्थिर राशी, उगमाचा स्वतःचा रोध. गाडीत सगळ्याचा मूळ उगम १२ व्होल्टची बॅटरी. ४८० वॉट घेणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला तिच्याकडून ४० अ‍ॅम्पिअर लागतात. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या वायरीचा जाण्यायेण्याचा रोध केवळ ०.०२ ओहम असला, तरी वाटेतच ०.८ व्होल्ट हरवतात आणि ३२ वॉटची उष्णता नुसत्या वायरीत निर्माण होते. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला पुढचे दिवे मंदावतात, ते खुद्द बॅटरीच्या अशाच अंतर्गत रोधामुळे. वायर जितकी लांब आणि बारीक, तितका रोध जास्त. कलोनच्या शाळेत ओहम नेमके हेच मोजत होते.

पुस्तक आणि राजीनामा

१८२६ च्या ऑगस्टमध्ये ओहम यांनी निम्म्या पगारावर वर्षभराची रजा घेतली आणि ते भाऊ मार्टिनकडे बर्लिनला गेले. मार्टिन तोवर गणितज्ञ म्हणून नाव कमावू लागले होते. विजेच्या मंडलाचा गणिती विचार मांडणारा ओहम यांचा ग्रंथ १८२७ मध्ये तिथेच प्रसिद्ध झाला. उष्णता धातूतून कशी वाहते, याचे गणित फ्रान्सच्या फुरिए यांनी मांडले होते. त्याच धर्तीवर ओहम यांनी विजेचे गणित रचले. या ग्रंथाच्या बळावर विद्यापीठाचे दार उघडेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

तसे काही घडले नाही. त्या वेळी प्रशियातल्या विद्वत्तेच्या वर्तुळात हेगेल यांच्या तत्त्वज्ञानाचा दबदबा होता. निसर्गाचे मर्म चिंतनाने उलगडावे, असे मानणाऱ्यांना सूत्रांनी भरलेला हा ग्रंथ रुक्ष वाटला. त्या विचाराचे भौतिकशास्त्रज्ञ गेऑर्ग फ्रीडरिश पोल यांनी त्यावर कठोर टीका केली. दुसरीकडे, जे प्रयोग करत होते त्यांच्यापैकी अनेकांना त्यातले गणित झेपले नाही. स्वतःचे उत्तम प्रयोग मागे ठेवून ओहम यांनी ग्रंथात गणितालाच पुढे केले होते, हेही त्यांना भोवले.

वर्षभराची रजा संपली, तरी विद्यापीठाकडून बोलावणे आले नाही. आल्या पावली कलोनला परतून पुन्हा वर्ग घेणे, हा मार्ग खुला होता. ओहम यांनी तो नाकारला आणि १८२८ मध्ये नोकरीचा राजीनामा दिला. त्या वेळी ते एकोणचाळीस वर्षांचे होते. पुढची पाच वर्षे ते बर्लिनमध्येच राहिले. तिथल्या लष्करी शाळेत आठवड्यातून काही तास गणित शिकवायचे आणि त्यातून मिळणाऱ्या तुटपुंज्या उत्पन्नावर भागवायचे, असा हा काळ होता. ज्या माणसाचे नाव पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाणार होते, त्याची उमेदीची वर्षे अशी गेली. त्यांनी लग्न केले नाही.

१८३३ मध्ये न्यूरेंबर्ग इथल्या तंत्रशाळेत त्यांना भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले आणि चरितार्थाची चिंता मिटली. १८३९ मध्ये ते त्या संस्थेचे संचालक झाले. नावात प्राध्यापक असले, तरी हे विद्यापीठ नव्हते. हवे होते ते अजून दूरच होते.

लंडनहून आलेले पदक

दरम्यान, ग्रंथाने हळूहळू आपली वाट काढली होती. जर्मनीत फेखनर आणि रशियात लेंझ यांनी प्रयोगांती ओहम यांचा नियम उचलून धरला. फ्रान्समध्ये पुइये यांनी स्वतंत्रपणे तेच निष्कर्ष काढले. इंग्लंडमध्ये तारयंत्राचे युग सुरू होत होते. मैलोनमैल तारेतून संदेश पाठवायचा, तर तारेच्या लांबीने प्रवाह किती घटेल, हे आधी कळायला हवे होते. तत्त्वज्ञांना रुक्ष वाटलेली सूत्रे अभियंत्यांना मात्र हवीच होती.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना आपले सर्वोच्च मानले जाणारे कोप्ली पदक दिले. त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. ग्रंथ छापून तेव्हा चौदा वर्षे लोटली होती. मायदेशी ज्याची बूज राखली गेली नाही, त्या कामाचे मोल परक्या देशाने जाणले. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना पूर्ण सदस्यत्व दिले. त्याच सुमारास किर्खहोफ या तरुण शास्त्रज्ञाने ओहम यांचा नियम गुंतागुंतीच्या मंडलांना लागू करण्याची रीत शोधून काढली. सबवूफरच्या चार वेटोळ्यांचा हिशेब मांडताना आजही तीच रीत वापरली जाते.

कानाचा नियम

ओहम यांचा आणखी एक नियम आहे. तो शाळेत शिकवला जात नाही, पण संगीताशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. १८४३ मध्ये त्यांनी ध्वनीबद्दल एक मत मांडले. कोणताही सूर हा अनेक साध्या, शुद्ध सुरांची बेरीज असतो आणि कान ती बेरीज सोडवून एकेक सूर वेगळा ऐकतो, असे त्यांचे म्हणणे होते. इथेही आधार फुरिए यांच्याच गणिताचा होता. आज गाडीच्या संगीतव्यवस्थेत खर्जाचे सूर गाळून सबवूफरकडे आणि उरलेले दारातल्या छोट्या स्पीकरकडे पाठवले जातात. ध्वनीची अशी फोड करता येते, हा विचार त्यामागे आहे. ही सीमारेषा साधारण ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवली जाते.

या मताला आव्हान दिले ते आउगुस्ट सेबेक यांनी. योगायोग असा, की ज्या सेबेक यांच्या थर्मोकपलने ओहम यांना पहिला नियम मिळवून दिला, त्यांचेच हे चिरंजीव. त्यांनी सायरनवर प्रयोग करून दाखवले, की मूळ सूर अगदी क्षीण असतानाही कानाला तो ठळक ऐकू येतो. ओहम यांनी याला कानाचा भ्रम ठरवले. वाद रंगला, पण ओहम यांनी तो फार ताणला नाही. पुढे १८६३ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या विख्यात ध्वनिविषयक ग्रंथात ओहम यांची बाजू घेतली आणि हा नियम प्रतिष्ठित झाला. तोवर दोघेही वादपटू हयात नव्हते.

विसाव्या शतकातल्या संशोधनाने सेबेक यांचे निरीक्षणही खरे ठरवले. मूळ सूर गायब असला, तरी त्याच्या वरच्या सुरांवरून मेंदू तो उभा करतो. म्हणूनच तळहाताएवढ्या स्पीकरमधूनही खर्जाचा सूर ओळखू येतो. तो छातीत जाणवत मात्र नाही, कारण हवा तेवढी हललेलीच नसते. ते काम सबवूफर करतो.

अखेरची दोन वर्षे

१८४९ मध्ये ओहम म्युनिकला आले. अकादमीच्या भौतिकशास्त्रीय उपकरणसंग्रहाची देखभाल आणि विद्यापीठात व्याख्याने, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. रेणूंच्या भौतिकशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. त्याचा पहिला खंड त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, पण नव्या जबाबदाऱ्यांमुळे पुढचे काम राहून गेले. १८५२ मध्ये म्युनिक विद्यापीठाने त्यांना भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. ज्या पदासाठी एकोणचाळिसाव्या वर्षी नोकरीवर पाणी सोडले होते, ते त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्येच त्यांचे निधन झाले. शहराच्या जुन्या दक्षिण दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

त्यांचे नाव एककाला मिळाले, ते तारयंत्राच्या अभियंत्यांमुळे. समुद्राखालून तारा टाकणाऱ्यांना विद्युतरोधाचे सर्वमान्य माप हवे होते. १८६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्यासाठी समिती नेमली गेली. ओहम, व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर ही एकके १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत स्वीकारली गेली. चिन्हासाठी ग्रीक वर्णमालेतले ओमेगा हे अखेरचे अक्षर निवडण्यात आले.

ओहम यांनी मोजला तो एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा रोध. संगीताची वीज मात्र सतत दिशा बदलते आणि अशा विजेला वेटोळे जो विरोध करते, तो सुरागणिक वेगळा असतो. त्यासाठी इम्पिडन्स हा शब्द हेविसाइड यांनी १८८६ मध्ये रूढ केला. सबवूफरच्या पट्टीवरचा ४ हा आकडा या बदलत्या विरोधाचा एक ढोबळ निर्देश आहे. तो मोजला जातो मात्र ओहममध्येच.

म्हणून अनुभवी कारागीर अ‍ॅम्प्लिफायर चालू करण्यापूर्वी एक छोटे काम करतो. सगळी जोडणी झाल्यावर, अ‍ॅम्प्लिफायरला जाणारी सबवूफरची दोन टोके तो मोकळी ठेवतो, मल्टिमीटरची खुंटी ओमेगाच्या चिन्हावर आणतो आणि त्या टोकांना मीटरच्या सळ्या लावतो. भार ४ ओहमचा असेल, तर काटा किंवा आकडा साडेतीनच्या आसपास थांबतो, कारण मीटर दाखवतो तो केवळ तारेचा रोध. एकच्या खाली गेला, तर कुठेतरी जोडणी चुकली आहे, हे अ‍ॅम्प्लिफायर जळण्याआधीच कळते. या तपासणीला अर्धा मिनिट पुरतो. तिच्यामागचा नियम जगाने मान्य करेपर्यंत मात्र ओहम यांची चौदा वर्षे गेली होती.